बंदराच्या गावातली तिमाही तपासणी

देहविक्री करणाऱ्या बायांच्या तपासणीचा दवाखाना कामाठीपुऱ्यात कुठे लावायचा हा प्रश्नच येत नाही. गल्ल्या ठरलेल्या, घरं ठरलेली, घरवाली, म्हणजे कोठा चालवणारी बाई, ओळखीची. तिला सांगितलं की निरोप वरच्या माळ्यापर्यंत पोचतो. कोकणातल्या बंदराच्या गावात अशी वस्ती नसते. एसटी स्टँडमागचा एखादा लॉज, जेटीकडच्या भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या, हायवेवरचा ढाबा आणि बाकी सगळा धंदा मोबाइलवर. यातल्या बऱ्याच बाया सकाळी कोळंबी सोलायला जातात, कुणाकडे धुणीभांडी करतात, आणि शेजारणीला तेवढंच माहीत असतं. त्यामुळे इथे आधी आडोशाची सोय करायची, मग औषधांची. किट, सुई, रजिस्टर सगळं मुंबईत आहे तेच. आमचं काम बिघडतं ते वेळेमुळे आणि जागेमुळे.

जोखमीच्या गटांत एचआयव्ही रोखण्यासाठी चालणारा लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प, म्हणजे सगळे ज्याला टीआय म्हणतात, त्यात दर बाईची तीन महिन्यांनी एकदा डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते. एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी सहा महिन्यांनी. साधारण साठ बायांमागे एक पिअर, म्हणजे प्रकल्पाची मदतनीस, आणि ती त्यांच्यातलीच हवी. मुलगी अठराच्या आतली वाटली तर तिची यादीत नोंद करायची नाही. ते प्रकरण बालकल्याण समितीकडे आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर जातं, तिथे तडजोड नाही.

वेळेचं गणित असं. पहाटे-सकाळी मासळीचा लिलाव, त्यानंतर सोलण्याचं काम. रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाईक केलेली बाई अकराच्या आत उठत नाही. दुपारी चारनंतर आंघोळ, वेणीफणी, फोन सुरू. उरतात साडेबारा ते साडेतीन. सरकारी ओपीडी नेमकी तेव्हा आवरत आलेली असते. सकाळी दहाला शिबिर लावलं की पाच बाया येतात आणि अहवालात 'प्रतिसाद कमी' असं लिहिलं जातं. प्रतिसाद कमी नव्हता, शिबिर त्यांच्या झोपेच्या वेळी होतं.

वर्षाचंही गणित आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाडा घ्या, हर्णै घ्या, मालवण घ्या, होड्या वर ओढलेल्या आणि खलाशी नेपाळला नाहीतर कर्नाटकात घरी गेलेले. त्यांच्या मागोमाग बायाही हलतात. कुणी गावी, कुणी पनवेल, भिवंडी, मुंबई. एप्रिल ते जून या तिमाहीची तपासणी जूनच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलली तर खोल्यांना कुलपं दिसतात. ती मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकायची. पुढची ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, होड्या लागून हातात पैसा खेळायला लागल्यावर. मार्च ते मे आंब्याच्या बागांवर राखणदार आणि मजूर असतात, तेव्हा गिऱ्हाईक बंदर सोडून आतल्या वाड्यांकडे सरकतं. पिअरनेही तिकडे फिरायला हवं. नुसत्या जेटीवर उभं राहून त्या दिवसांत काही हाती लागत नाही.

जागा शोधताना दोन दारांची खोली बघायची, एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर. दारावर प्रकल्पाचा फलक नको, आणि एड्स हा शब्द तर मुळीच नको. 'महिला आरोग्य तपासणी' एवढं पुरे. आजूबाजूच्या इतर बायकांचंही बीपी-शुगर बघून दिलं की कोण कशासाठी आलं हे बाहेरच्याला कळत नाही. वीसपेक्षा जास्त बायांना एका दुपारी बोलवायचं नाही, कारण बाहेर बाक भरला की ओळखीचं माणूस दिसण्याची भीती वाढते आणि मागच्या मागे परततात.

आत डॉक्टरांसाठी पडदा, टेबल, चांगली टॉर्च आणि जितक्या बाया तितके निर्जंतुक स्पेक्युलम, म्हणजे आतून तपासायची चिमट्यासारखी उपकरणं. दोन-तीनच नेले आणि मध्येच उकळत बसलं की रांग थांबते आणि घाईत अर्धवट उकळलेलं वापरलं जातं. आकारही मिसळून हवेत. पाळी चालू असलेली बाई आली तर परत पाठवायचं नाही. आतली तपासणी पुढे ढकलायची, पण रक्त घ्यायचं, निरोध द्यायचे आणि पुढची तारीख तिच्याकडूनच ठरवून घ्यायची.

विचारपूस सरळ भाषेत. 'योनीमार्गातील स्राव' म्हटलं तर ती मान हलवते आणि काही सांगत नाही. 'अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, खाज आहे का, ओटीपोटात दुखतं का, लघवीला जळजळ आहे का, तिथे फोड किंवा जखम आहे का' असं एकेक विचारायचं. अंगावर पांढरं जाणं म्हणजे दर वेळी गुप्तरोग असतोच असं नाही. डेटॉलच्या पाण्याने, साबणाने, तुरटीने आत धुवायची सवय असते, त्यानेच आग होते आणि वास वाढतो. दुसरं एक कारण डॉक्टरांना मुद्दाम सांगून ठेवावं लागतं: पाळीतही धंदा बुडू नये म्हणून काही जणी कापूस नाहीतर स्पंजचा तुकडा आत खोल सरकवतात. तो कधीकधी आतच विसरला जातो. आठवड्यात इतका घाण वास येतो की बाई दोन-दोन मेडिकलमधल्या गोळ्या खाऊन आलेली असते. तो तुकडा बघून काढला की काम झालं.

लक्षणांवरून औषध द्यायची किटं रंगांवर ओळखली जातात. करडं, क्रमांक १: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच, गर्भाशयाच्या तोंडातून पू येत असेल तर. हिरवं, क्रमांक २: सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, पांढरं पाणी आणि खाजेसाठी. पांढरं, क्रमांक ३: जखमेसाठी बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. पेनिसिलिनची अॅलर्जी असली तर निळं. पाण्याचे फोड आले की लाल, त्यात अॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. जांघेत गाठ असेल तर काळं, २१ दिवसांचं.

एकदाच घ्यायच्या गोळ्या तिथेच, पिअरच्या हातच्या पाण्याने, समोर गिळायला लावायच्या. घरी नेल्या तर निम्म्या पर्समध्ये राहतात, नाहीतर तिच्या माणसाला दिल्या जातात. गोंधळ चौदा दिवसांच्या पिवळ्या किटात होतो. त्यात मेट्रोनिडाझोल आहे, त्यावर दारू घेतली की मळमळ, उलटी होऊ शकते. 'दारू पिऊ नका' एवढं सांगून भागत नाही, कारण गिऱ्हाईक ग्लास पुढे करतं आणि नाही म्हटलं की उठून जातं. मग गोळी कधी घ्यायची, ग्लासात नुसतं सोडा-पाणी कसं भरायचं, याची पिअर तिला युक्ती देते. डॉक्टरांपेक्षा हा सल्ला जास्त पाळला जातो. डॉक्सीसायक्लिन गरोदर बाईला द्यायचं नाही, म्हणून पिवळं, निळं, काळं किट देण्याआधी पाळी कधी आली हे विचारलंच पाहिजे. आणि ती गोळी भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळून ती पुढच्या गोळ्या सोडून देते.

पेनिसिलिनचं इंजेक्शन जिथे अॅड्रेनॅलिन (अॅलर्जीच्या झटक्यावरचं औषध) आणि सराव असलेला माणूस हाताशी नाही तिथे देऊ नये. जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, पिअरबरोबर पाठवावं. देताना आधी टेस्ट डोस, मग १२-१२ लाख दोन्ही कुल्ल्यांत आणि पुढे अर्धा तास बसवून ठेवणं. पूड पाण्यात मिसळली की दाट दुधाळ होते आणि लगेच बसायला लागते. बारीक सुई अडकते, म्हणून जाड सुई आणि मिसळल्या मिसळल्या टोचणं. इंजेक्शन दुखतं हे आधीच सांगायचं. त्या रात्री ताप, अंगदुखी येऊ शकते, तेही सांगायचं. नाहीतर 'तुमच्या सुईने आजारी पडले' अशी गोष्ट सकाळपर्यंत जेटीभर होते आणि पुढच्या तिमाहीत निम्म्या बाया येत नाहीत. सिफिलिसचा संसर्ग जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर दर आठवड्याला एक याप्रमाणे तीन इंजेक्शनं. दुसरं आणि तिसरं चुकतं, कारण दिसणारं-दुखणारं काही नसतं.

सिफिलिसच्या झटपट चाचणी-कार्डाने एक घोळ ठरलेला आहे. ते कार्ड एकदा पॉझिटिव्ह आलं की पुरे उपचार झाल्यावरही बहुतेकदा आयुष्यभर पॉझिटिव्हच दाखवतं. जुनी नोंद न पाहता बाईला दर सहा महिन्यांनी पुन्हा इंजेक्शन टोचलं जातं. अशा बाईची आरपीआर ही दुसरी रक्ततपासणी टायटरसह, म्हणजे प्रमाणाच्या आकड्यासह, करून घ्यायची. १:३२ वरून १:८ किंवा त्याखाली उतरलं तर उपचार लागू पडले. चढलं तर बहुधा नवा संसर्ग, आणि तेव्हा तिच्या नेहमीच्या माणसालाही बोलवायचं.

एचआयव्हीची पहिली चाचणी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर जागेवरच होते. किटं थंड जागी ठेवायची असतात, पाकिटावर मर्यादा छापलेली असते, बहुधा ३० अंशांपर्यंत. मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ती ३० पार होते. किट पाकिटातून ऐन वेळीच काढायचं, कारण दमट हवेत उघडं पडलेलं कार्ड खराब होतं. निकाल सांगितलेल्या मिनिटांतच वाचायचा, बहुतेक किटांत १५ ते २०. तासाभराने कार्डावर पुसट रेघ उमटली तर तिला काही अर्थ नाही. कंट्रोलची रेघ आली नाही तर चाचणी बाद, नवं कार्ड. ही चाचणी रिअॅक्टिव्ह आली तरी 'पॉझिटिव्ह' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, शिरेतून रक्त घेऊन तीन वेगवेगळ्या किटांवर तपासतात, तिन्ही जुळली तरच निदान.

चाचणीआधी तिची संमती लागते. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात सक्तीची चाचणी आणि परवानगीशिवाय निकाल उघड करणं दोन्हीला मनाई आहे. घरवाली किंवा लॉजवाला 'सगळ्यांचे रिपोर्ट माझ्याकडे द्या' म्हणतो, तेव्हा या कायद्याचं नाव ठामपणे घ्यावं. सक्तीने काय होतं ते मुंबईने फार पूर्वी पाहिलंय. १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने नोंदणी आणि जबरदस्तीची तपासणी आणली. बाया नोंदणी टाळायला लागल्या, आणि १८८८ मध्ये तो रद्द झाला.

निकाल सांगताना समुपदेशक आणि ती, दोघीच. पहिला प्रश्न बहुधा आजाराचा नसतो.

"ताई, हे गावात कळेल का?"

"तुझं कार्ड इथे राहील. रुग्णालयात नंबराने ओळखतात. सोबत पिअर येईल, कुणी विचारलं तर ती तुझी मावसबहीण."

"आणि धंदा?"

"गोळी सुरू कर, निरोध सोडू नकोस. तब्येत धरून राहील."

त्यानंतर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं. २०१७ पासून सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असलं तरी निदान झालं की उपचार सुरू करतात. आधी चार प्रश्न टीबीचे: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. नेहमीची गोळी टीएलडी, म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, दिवसातून एक. जेवणाशी संबंध नाही. मात्र लोह, कॅल्शियम किंवा पोटातल्या आम्लासाठीच्या गोळ्या तिला अडवतात. त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी. टीबीवर रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरचा एक जादा डोस बारा तासांनी लागतो, डॉक्टरांना ते सांगायला ती विसरली तर पिअरने आठवण करायची. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी.

इथे कोकणातलं एक कारण मध्ये येतं. गोळ्या तीसच्या बाटलीत येतात आणि बाटली पिशवीत खुळखुळते. खोलीतल्या दुसरीला ऐकू गेलं तर प्रश्न. म्हणून बाई गोळ्या ओतून कागदाच्या पुडीत किंवा चुन्याच्या डबीत ठेवते. पावसाळ्यात दोन आठवड्यांत गोळी ओलावते, वरचं आवरण सुटतं, मग ती 'खराब झाली' म्हणून फेकली जाते. बाटलीत जी पुडी असते ती ओल शोषून घेण्यासाठीच असते. म्हणून गोळ्या बाटलीतच ठेवायच्या, वरून कोरडा कापूस दाबून भरायचा, वरचं लेबल सोलून टाकायचं. आवाज बंद होतो आणि गोळीही टिकते.

निरोधाच्या बाबतीत आम्ही मागणीचा हिशेब बाईकडूनच घेतो. रोज तीन गिऱ्हाईकं आणि महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे पंचाहत्तर; फाटणारे आणि हरवणारे धरून ऐंशीच्या पुढे. टार्गेटप्रमाणे सगळ्यांना सरसकट पन्नास वाटले की एकीला कमी पडतात आणि दुसरीचे कपाटात सडतात. पत्र्याखाली, गादीखाली, ब्लाउजमध्ये ठेवलेले रबर उष्णतेने ठिसूळ होतं. तारीख बघायची, पाकीट दाबून आत हवेचा फुगा आहे ना ते बघायचं, दाताने फाडायचं नाही. दोन चढवायचे नाहीत, एकमेकांवर घासून फाटतात. आणि खोबरेल नको. घरात, लॉजवर, सगळीकडे खोबरेलाची बाटली हाताशी असते, आणि तेलाने लॅटेक्स मिनिटांत कमकुवत होतं. 'निरोध फाटतात' अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधी वंगण काय लावतेस हे विचारा. पाण्यावर आधारलेली जेलची पुडी मागून घ्यावी.

गिऱ्हाइकाबरोबर निरोध वापरणारी बाई 'माझ्या माणसा'बरोबर वापरत नाही. तो खलाशी असो, रिक्षावाला असो, तिच्या लेखी तो नवरा आहे, आणि संसर्ग बहुधा त्याच वाटेने घरात येतो. यावर भाषण नको. तपासणीला तिच्याबरोबर त्यालाही आणायला सांगावं. एकत्र आले तर निम्मं काम झालं.

दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शनचा विचार बऱ्याच जणी करतात, तेही तीन महिन्यांनीच, म्हणून तपासणीबरोबर जुळतं. पण सुरुवातीला रक्तस्राव अनियमित होतो, मधेच डाग पडतात, हे न सांगता दिलं तर दुसऱ्या डोसला कुणी येत नाही. अंतरा निरोधाची जागा घेत नाही. त्याच टेबलावर कर्करोगासाठी गर्भाशयमुखाची अॅसेटिक अॅसिड लावून पाहणी आणि हिपॅटायटिस बीची लस, ० - १ - ६ महिने, हे दोन्ही करून घेतलं तर बाईला वेगळी फेरी लागत नाही. एचआयव्ही असलेल्यांत ही पाहणी टाळूच नये.

पोलिसांचा प्रश्न येतो. बाईने स्वतः, मर्जीने धंदा करणं १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं आणि सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. १९ मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात निरोध बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये असं म्हटलेलं आहे. त्याची मराठी प्रत पिअरच्या पिशवीत असावी. त्याच आदेशानुसार राहत्या पत्त्याचा पुरावा नसला तरी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रमाणपत्रावर आधार मिळू शकतं. भाड्याच्या खोलीत कुठलाही कागद नसलेल्या बाईच्या दृष्टीने हे सगळ्यात उपयोगाचं. जबरदस्ती झाली असेल तर ७२ तासांच्या आत रुग्णालयात, म्हणजे एचआयव्हीपासून बचावाची २८ दिवसांची औषधं सुरू करता येतात. जितकं लवकर तितकं बरं.

शिबिर आटोपलं की सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सिरिंज लाल पिशवीत. हे त्याच संध्याकाळी रुग्णालयात पोचवायचं. पावसात गाडी घाटात अडकते म्हणून पिशवी खोलीत ठेवली तर सकाळी उंदरांनी फाडलेली मिळते.

मग यादी. मे महिन्यात जी बाई 'मुंबईला चालले' म्हणते, तिला तारीख विचारून तीन महिन्यांच्या गोळ्या आणि एआरटीच्या पुस्तकाची झेरॉक्स सोबत द्यावी, आणि तिथल्या केंद्राला कळवून तिची बदली करून घ्यावी. १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकटचा नंबर तिच्या फोनमध्ये 'मावशी' नावाने भरून द्यावा, म्हणजे कुणी फोन बघितला तरी प्रश्न येत नाही. यादीत तिच्या नावापुढे 'बंद' न लिहिता 'गावी' लिहायचं. बऱ्याच जणी ऑगस्टमध्ये होड्यांबरोबर परत येतात, आणि नाव कापलेलं असलं तर सगळी नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.